कासवीची नजर आणि कुंडीतली आंबुशी : देवाच्या मायेची आठवण तुम्हाला निसर्गात कशानं होते?

सांजवात

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई गेल्याला आता चार महिने होतील. शेवटचे सहा आठवडे मी तिच्याजवळच होते, घर बंद. परत आले तेव्हा गॅलरीतला मोगरा, तिनेच लावून दिलेला, वाळून काडी झाला होता. त्या दिवशी रडायलाही आलं नाही. कुंडीसमोर नुसती बसून राहिले. दोनेक दिवसांनी बघते तर त्याच कुंडीत कडेला आंबुशी उगवलेली. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही (एखादी सर येऊन गेली असेल). तीन-तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं. संध्याकाळ झाली की तिन्ही पानं मधल्या शिरेवर दुमडून खाली झुकतात, मिटलेल्या छत्रीसारखी. सकाळी परत उघडी. मी रोज बघायला लागले. झोप नव्हतीच, तेवढाच एक उद्योग.

माझी आजी सांगायची, कासवी पिल्लांना दूध पाजत नाही की भरवत नाही. लांबून नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. देवाचं आपल्यावर तसंच लक्ष असतं म्हणायची. लहानपणी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या आंबुशीसमोर बसल्यावर एकदम आठवलं.

तर विचारायचं एवढंच. डोंगर, सूर्यास्त, धबधबे नकोत, ते सगळ्यांचंच असतं. रोजचं, परत परत येणारं, बारीकसं असं काही आहे का तुमच्याकडे, जे बघून वाटतं की आपल्याला कुणीतरी विसरलेलं नाही?

पाचोळा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

कुंपणावरचा

आईबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा देवाशी संबंध जेमतेम ओळखीपुरता आहे, त्यामुळे वाचत बसतो.

थोरलीजाऊ

सांजवात बाळा, छान लिहिलंस. पहिलाच धागा वाटत नाही.

माझं सांगते. आमच्या खिडकीसमोर एक दयाळ पक्षी येतो. काळा-पांढरा, शेपटी सारखी वर. पहाटे चार-सव्वाचारला, उजाडायच्याही आधी, सुरू करतो. हे गेले त्यानंतर घरात माझ्याआधी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तो बोलायचा. मग हिवाळ्यात एकदम गप्प झाला. मला वाटलं, हाही गेला. उन्हं तापायला लागली आणि एका पहाटे परत सुरू, त्याच फांदीवर.

मुलगा म्हणाला, आई, तो मादीसाठी आणि हद्दीसाठी गातो, तुझ्यासाठी नाही. म्हटलं, असू दे की. ज्याच्यासाठी गातो त्याच्यासाठी गाऊ दे. ऐकायला मला कोण अडवतंय?

ओली_वाळू

सांजवात, आधीच माफी मागतो, कारण मी तुमच्या आजीचं कासव बिघडवणार आहे.

मी सहा हंगाम समुद्री कासवांच्या घरट्यांवर रात्री जागून काढलेत. कासवी भरतीच्या रेषेच्या वर येते. मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा काढते. दोन्ही वल्ही आळीपाळीने, एकात वाळू ओंजळीसारखी धरून बाहेर, मग दुसरं. डोळ्यांनी न बघता इतकं नीटस काम करणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, आणि ऑलिव्ह रिडले असेल तर अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती वाळू चोपते. शांत रात्री तो ढप् ढप् आवाज लांबवर येतो. मग वळते आणि जाते. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात तेव्हा किनाऱ्यावर आई नसते. ती त्यांना कधीच भेटत नाही. नजर वगैरे काही नाही.

आणखी एक. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. लाल टॉर्चच्या उजेडात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही घशात आवंढा आला होता. नंतर कळलं, अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात त्या. समुद्रातही वाहतच असतं, तिथे दिसत नाही एवढंच.

उंटावरचा_शहाणा

घ्या. एका प्रतिसादात आजी, कासवी आणि अश्रू तिन्ही निकालात.

तर्कटराव

ओली_वाळूंना साष्टांग. सांजवात, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो.

नियमितपणा वेगळा आणि प्रेम वेगळं. आंबुशीची पानं मिटतात कारण पानाच्या बुडाशी जो बारीक सांधा असतो त्याच्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त होतं. तिला तुम्ही दिसत नाही. सूर्य साधूसाठी उगवतो तसा चोरासाठीही उगवतो. ज्याला सगळे सारखेच, त्याला प्रेम म्हणायचं की बेफिकिरी?

शिवाय आपण उदाहरणं नेमकी गोड निवडतो. डार्विनने १८६० साली एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्रात लिहिलं होतं की, दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने काही जातींच्या परजीवी माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील हे आपल्याला पटत नाही. या माश्या म्हणजे गांधीलमाशीच्या लांबच्या बहिणी. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खात मोठी होतात. त्या अळीने कोणाच्या नजरेकडे बघायचं?

उंटावरचा_शहाणा

तर्कटराव आले म्हणजे धागा पन्नाशी गाठणार. मी सतरंजी घालून बसतो.

थोरलीजाऊ

तर्कटराव, मला चार मुलं. त्यातलं एखादं चोर निघालं असतं तर त्याचं ताट मांडलं नसतं का मी?

पाचोळा

_/\_ माई

तर्कटराव

माई, तुमच्याशी वाद घालायला मी अजून लहान आहे. पण ताट मांडायचं हे तुम्ही ठरवलंत. सूर्य काही ठरवत नाही.

नभांगण

सूर्याचा विषय निघालाच आहे तर. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. म्हणजे आत्ता तुमच्या आंबुशीवर पडलेलं ऊन तुम्ही हा धागा उघडायच्या आधीच तिकडून निघालेलं होतं. मला ही गोष्ट का कोण जाणे फार आवडते.

माझी आठवण मृग नक्षत्राची आहे. काही वर्षांपूर्वी नोकरी गेली, तेव्हा रात्र रात्र गच्चीवर असायचो. मृगाचे ते तीन ठळक तारे रोज चार मिनिटं लवकर पश्चिमेला. पुढे पुढे संधिप्रकाशात बुडायला लागले आणि जूनमध्ये दिसेनासे झाले. नक्षत्र कुठे गेलेलं नसतं, सूर्य त्याच्या आड येतो. ऑगस्टच्या एका पहाटे पूर्वेला तेच तिघं, आडवे असायचे ते आता उभे. मला नोकरी तोवर लागली नव्हती. पण त्या दिवशी खाली येऊन मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो. याला देव म्हणायचं का, माहीत नाही. मी म्हणतो.

तर्कटराव

सुंदर लिहिलंय, पण धाग्यात 'रोजचं, परत परत येणारं' असं म्हटलंय म्हणून आठवण करून देतो : सूर्याकडे साधारण ५०० कोटी वर्षांचं इंधन उरलंय. आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंमी लांब चाललाय.

नभांगण

बरोबर. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांच्यावर इथून लेझर सोडून ते अंतर मोजतात.

उंटावरचा_शहाणा

ज्याला मामा मामा म्हणत मोठे झालो तोही काढता पाय घेतोय म्हणजे. इस्टेटीचं काही बोललाय का?

नभांगण

हा हा. आपली नखं साधारण ज्या वेगाने वाढतात त्याच वेगाने चाललाय. भाच्यांना निरोप द्यायला भरपूर वेळ आहे.

पाणडुबी

मला पाणी. चार अंशांखाली गेलं की ते आकसायचं सोडून उलट फुगायला लागतं, म्हणून बर्फ तरंगतो. तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. बाकी बहुतेक पदार्थ गोठले की बुडतात. शाळेत हे शिकवताना बाई म्हणाल्या होत्या, कुणीतरी माशांवर पांघरूण घातलंय. परीक्षेत तसंच लिहिलं, अर्धा मार्क कापला त्यांनीच.

मेंढपाळ

माझी खूण इंद्रधनुष्य. धबधबे-सूर्यास्त नकोत म्हणालात त्यात हे बसतं की नाही माहीत नाही. बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीत प्रलय ओसरल्यावर देव ढगात धनुष्य ठेवतो, पुन्हा असा प्रलय आणणार नाही या वचनाची खूण म्हणून. त्यात मला आवडतं ते हे की, धनुष्य बघून देव स्वतःच वचनाची आठवण ठेवणार आहे. आठवण आपल्यालाच लागते असं नाही.

मागे मुलीने शाळेतून येऊन सांगितलं, पप्पा, तुमचं आणि माझं इंद्रधनुष्य वेगळं असतं. सूर्य पाठीशी हवा, आणि आपल्या सावलीच्या टोकापासून ४२ अंशांवर जे थेंब असतील ते आपल्या डोळ्यात लाल रंग पाठवतात. शेजारी उभ्या माणसाला दुसरे थेंब. तिला वाटलं मी खट्टू होईन. मी तिला म्हटलं, म्हणजे एवढ्या पावसात माझे माझे वेगळे थेंब आहेत की!

तर्कटराव

प्रत्येकाला आपापलं दिसतं, हे माझ्याच बाजूने झालं. :) शिवाय वचन दिलं खरं, पण पूर काही थांबलेले दिसत नाहीत.

गप्पगप्प

माझा भाऊ पुरात गेला. १९ वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, आम्ही शोधत होतो, आणि समोर अख्खं इंद्रधनुष्य. पुलावर लोक फोटो काढत होते.

बाकी चालू द्या.

मेंढपाळ

गप्पगप्प, मी लिहिलेलं मागे घेत नाही, कारण ते माझ्यासाठी खरं आहे. पण तुमच्यासमोर बसलो असतो तर तोंडातून काढलं नसतं. माफ करा.

तर्कटराव

पुराचं वाक्य मी वादाच्या भरात टाकलं. माझंही चुकलं.

हिरवाई

गप्पगप्प, फार वाईट वाटलं. मला एवढंच सांगावंसं वाटतं की हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा स्फोटाच्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आत जी गिंको झाडं होरपळली होती, त्यांना पुढच्या वसंतात पालवी फुटली. त्यातली काही आजही उभी आहेत. जीवन हार मानत नाही.

गप्पगप्प

झाडांना पालवी फुटली हे चांगलंच झालं.

पाचोळा

हिरवाई, हेतू चांगला आहे, पण हे आत्ता नको होतं.

हिरवाई

कळलं. सॉरी. प्रतिसाद काढता येत नाहीये, पुढे उत्तर आलंय.

सांजवात

दोन दिवस लॉगिन केलं नव्हतं, आज सगळं एकदम वाचलं. गप्पगप्प, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्यावर उत्तर देण्याचा आव मी आणणार नाही.

ओली_वाळू, आजीचं कासव बिघडलं खरं. थोडा वेळ राग आला तुमचा. मग हसू आलं, कारण आजीने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

तर्कटराव, तुमचा मुद्दा पहिल्या वाचनातच पटला होता. आंबुशीला मी दिसत नाही. पण मी पुरावा विचारलाच नव्हता, आठवण विचारली होती. आईच्या चष्म्याचं घर माझ्या टेबलावर आहे. चॉकलेटी, बिजागरीपाशी चिकटपट्टी लावलेलं. मला त्यावरून आई आठवते. तुम्हाला नाही आठवणार, तुमच्यासाठी ते एक जुनं घर. तुमचं चुकत नाही. आणि त्या घरावरून आई होती हे मी कोर्टात सिद्धही करू शकणार नाही. मुळात माझी आणि तिची ओळख होती म्हणून त्या घराला बोलता येतं.

कुंपणावरचा

कुंपणावरून एक पाय अलीकडे आलाय असं वाटतंय. कुठला ते बघून सांगतो.

चांदरात

सांजवातशी सहमत. आमच्याकडे कुराणातल्या वाक्याला 'आयत' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ खूण, निशाणी. रात्र-दिवसाचं आलटून पालटून येणं, पाऊस, वेगवेगळे रंग आणि भाषा, या सगळ्या आयतीच. अब्बा भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप दाखवून म्हणायचे, ही वाच. मी म्हणायचे, यात अक्षरं कुठायत? तर म्हणायचे, आधी लिपी शिक.

एक मात्र कबूल करते. काही दिवस असे येतात की सगळी पानं कोरी वाटतात. भावाचं वाचून आज तसंच झालंय.

तर्कटराव

चष्म्याच्या घराचा दाखला भारी आहे. पण त्यात एक भोक आहे, राग मानू नका. तुमची आई तुम्ही चष्म्याच्या घराशिवायही पाहिली होती. देवाचं तसं नाही.

सांजवात

हो. ते भोक मलाही दिसतं.

पाचोळा

रुमाल उचलायला आलो, चार रात्री उशिरा.

माझी गोष्ट उंबराची. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. प्रत्यक्षात उंबराला फुलं रोज दिसतात, आपण त्यांना फळ म्हणतो. त्या गोळ्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात, तोंड आतल्या बाजूला. बाहेरून एक टाचणीएवढं दार. त्यातून एक चिमुकली माशी आत शिरते, दार इतकं अरुंद की तिचे पंख तिथेच गळून पडतात. ती आपल्या अंगावरचे परागकण आत लावते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुलांतले नर बिनपंखांचे. ते बाहेर जायला बोगदा कोरतात आणि स्वतः बाहेर न पडता आतच संपतात. मुली परागकण घेऊन त्या बोगद्यातून उडून जातात. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाची बहुतेक आपापली वेगळी माशी. ना झाड माशीशिवाय, ना माशी झाडाशिवाय.

मी एकदा उंबर फोडून भिंगाखाली पाहिलं होतं. आत एक पंख नसलेली माशी फुलांवर आडवी, मेलेली. जिला आयुष्यभर रांगोळीतल्या कणाएवढंही कुणी मोजलं नसेल, तिच्यावाचून ते अख्खं झाड बी धरणार नाही. मला त्या दिवशी भीती वाटली, आणि भीतीच्या शेजारीच दुसरं काहीतरी. त्याला माया म्हणायला जीभ धजत नाही, पण अगदी वेगळंही नव्हतं ते.

रानभूल

उंबर म्हटलं की धनेश. या धाग्यात धनेश कसा नाही आला अजून!

मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीने दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. आत अंडी, पिल्लं आणि ती. पिसंसुद्धा आतच झडतात, त्यामुळे काही काळ तिला उडताही येत नाही. कित्येक आठवडे सगळा भार नरावर. मी लांबच्या आडोशाला चार तास बसून पाहिलंय. नर फांदीवर येतो, आधी इकडेतिकडे बघतो, मग गळ्यातून एक उंबर वर आणतो, चोचीच्या टोकावर धरतो, फटीतून आत देतो. परत मान हलवतो, दुसरं. मी एका खेपेला २३ मोजली. शेवटी गळा रिकामा झाला तरी दोनदा उगाच मान हलवून पाहिली त्याने, एखादं राहिलंय का.

ते दोनदा उगाच मान हलवणं. माझं उत्तर तेच.

उंटावरचा_शहाणा

आमच्या हिला हा प्रतिसाद वाचून दाखवायची चूक केली. आता संध्याकाळी घरी येताना गळ्यात काय काय आहे याची चौकशी होते.

तर्कटराव

रानभूल, ज्या उंबरांत पाचोळांची ती माशी मेलेली आहे तीच उंबरं धनेश आत देतोय, हे लक्षात आलंय ना? एकाच्या मायेचा घास म्हणजे दुसऱ्याचं थडगं.

रानभूल

आलंय. पण माशीच्या मुली तोवर उडून गेलेल्या असतात बहुधा, पिकलेली फळंच नेतो तो.

तर्कटराव

'बहुधा'.

खोडरबर

पण मग गांधीलमाशी नक्की कशाला आहे? आमच्या बाल्कनीत पोळं झालंय, ते कसं काढायचं? एका मित्राने धूर करायला सांगितलाय.

रानभूल

धूर वगैरे स्वतः करू नका, अंगावर येतात. जाणकार बोलवा.

उंटावरचा_शहाणा

किंवा तर्कटरावांना बोलवा, ते वाद घालून दमवतील.

कारभारी

खोडरबर, पोळ्यासाठी वेगळा धागा काढावा. बाकी सदस्यांना विनंती, मूळ विषयाचा विसर पडू देऊ नये.

ओली_वाळू

मूळ विषयावर यायला मीच कारणीभूत व्हायला हवं, कारण फाटा मीच फोडला.

माझा पहिला प्रतिसाद खरा होता, पण अर्धा होता. सांजवातचं 'राग आला' वाचल्यावर उरलेला अर्धा लिहावासा वाटला. कासवी परत येत नाही. पण जाताना काय करून जाते ते बघा. भरतीचं पाणी पोचू नये इतक्या वर येते, वाळूवर तिचं अंग तिला पेलत नसताना. खड्ड्याची खोली अशी की वरची वाळू तापली-निवली तरी आत ऊब टिकून राहते. (त्या उबेवरच ठरतं नर जास्त की माद्या. ऊब जास्त तर माद्या.) प्रत्येक अंड्यात बलक इतका की पिल्लू फुटून बाहेर आलं तरी थोडा पोटात शिल्लक असतो, समुद्रातले पहिले काही दिवस त्यावर निघतात. पिल्लं एकेकटी वर येत नाहीत. एक हललं की बाकीची हलतात, छताची वाळू खाली पडते, ती पायाखाली दाबत सगळी मिळून वर सरकतात. वर आल्यावर जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. म्हणूनच किनाऱ्यावर दिवे नकोत असं आम्ही घसा फोडून सांगत असतो, कारण ती दिव्याला समुद्र समजतात. आणि जगली-वाचली ती मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला पुन्हा साधारण त्याच किनाऱ्याच्या टापूत येते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची खूण लहानपणीच तिच्यात उमटलेली असते, असं यातले अभ्यासक सांगतात.

आता यातली बहुसंख्य पिल्लं मोठी होत नाहीत हेही खरंच. मी स्वतः सकाळी कावळ्यांनी फोडलेली वेचली आहेत. तर्कटराव, तुमच्याआधी मीच लिहून टाकतो.

माझ्या श्रद्धेचं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण एका रात्री घरट्यावर बसलो होतो. वाळू सपाट. मग बशीएवढा भाग दोन बोटं खचला. मी श्वास धरून बसलो. बराच वेळ काही नाही. मग मधोमध एक काळं नाक. फक्त नाक. ते तसंच थांबलं, बाकीचे खालून येईपर्यंत. मी हात जोडले होते, हे मला नंतर सोबतच्याने सांगितलं.

तर्कटराव

या प्रतिसादावर माझ्याकडे उत्तरं आहेत. आज देत नाही.

उंटावरचा_शहाणा

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

कुंपणावरचा

ते नाक.

चांदरात

ओली_वाळू, पुढच्या हंगामात बाहेरच्यांना येता येतं का? मोबाइलचा दिवा लावणार नाही, शपथ.

ओली_वाळू

येता येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. डास चावतात हे आधीच सांगतो.

गप्पगप्प

परत लिहिणार नव्हतो.

सांजवात, आंबुशीला शेंगा आल्या का? बारीक, उभ्या, पाच धारांच्या असतात. पिकल्या की नुसता हात लागला तरी तडतडून फुटतात, बिया हातभर लांब उडतात. भाऊ लहान असताना वर्गात खिशात भरून आणायचा आणि मागच्या बाकावरून माझ्या मानेवर फोडायचा. मार मी खायचो, कारण ओरडायचो मी.

धागा वाचताना पहिल्या दिवशीच हे आठवलं होतं. इंद्रधनुष्याचं लिहून गेलो, हे राहिलं.

थोरलीजाऊ

लिहिलंस ते बरं केलंस बाबा.

सांजवात

गप्पगप्प, तुमचं वाचून लगेच गॅलरीत गेले. शेंगा होत्या. मला माहीतच नव्हतं त्या फुटतात ते. एकीला बोट लावलं तर थेट डोळ्यावर! चष्मा होता म्हणून वाचले. पुढची दहा मिनिटं मी एकटीच एकेक शेंग फोडत होते. शेजारच्या कुंड्यांत, जाळीत, वाळत घातलेल्या टॉवेलवर, सगळीकडे बिया. चार महिन्यांत मोठ्याने हसले नव्हते, ती शेजारीण डोकावून गेली.

तुमच्या भावाचं नाव विचारत नाही. पण यापुढे ती शेंग फुटली की मला तोच मागच्या बाकावरचा मुलगा आठवणार, त्याला तुमची हरकत नसावी.

गप्पगप्प

नाही.

तर्कटराव

मोगऱ्याचं काय झालं पण? काडी हिरवी आहे का खरवडून पाहिलीत? नखाने साल काढून आत बघतात.

सांजवात

पाहिली. आतूनही वाळलीय, गेला तो. उपटला मात्र नाही. आंबुशीची एक फांदी त्याच्याच काडीला टेकून वर चाललीय. रोज सकाळी पाणी घालते.

थोरलीजाऊ

रोज नको गं घालूस, कुजेल. माती बोटाने चाचपून बघ, कोरडी लागली तरच.